पुस्तक छापून मिळते, पण लेखक घडवायचा कुणी?

दीक्षाभूमीवर यंदाही अशोक विजयादशमीला पुस्तकांचे स्टॉल लागले. खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांनी भाकरी बांधून आणलेल्या पिशवीतच पुस्तके भरून नेली. आता ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला हेच दिसेल. कुठल्याही साहित्य संमेलनाला हेवा वाटावा असा हा वाचकवर्ग आहे. तो कुणी जाहिराती करून आणलेला नाही, बाबासाहेबांच्या चळवळीने घडवलेला आहे.

पण त्याच स्टॉलवर वेगळ्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट खटकते. बाबासाहेबांचे ग्रंथ असतात, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ असतो, संविधान असते, फुले-शाहूंची चरित्रे असतात, साठ-सत्तरच्या दशकातल्या दिग्गजांच्या नव्या आवृत्त्या असतात. पंचविशी-तिशीतल्या नव्या लेखकाचे पहिले पुस्तक मात्र शोधावे लागते. सापडलेच तर बहुतेक वेळा ते लेखकाने स्वतःच्या पैशाने काढलेले असते. मुखपृष्ठावरचे चित्र कुणी काढले, हे आत कुठेच लिहिलेले नसते.

आमच्या तरुणांना लिहायचे नाही, असे मुळीच नाही. वस्तीतल्या अभ्यासिकांमध्ये आणि वाचनगटांमध्ये काम करताना आम्हाला कवितांच्या वह्या दिसतात, मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलेल्या कथा दिसतात, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर काढलेली बाबासाहेबांची, सावित्रीमाईंची रेखाटने दिसतात. वही आणि पुस्तक यांच्यामध्ये जो लांबचा रस्ता आहे, त्यावर सोबत करणारे कुणी उरलेले नाही. हा रस्ता कोण बांधतो आहे, त्यावर टोल कोण घेतो आहे आणि आपण समाज म्हणून त्याबद्दल काय करतो आहोत, हे या लेखात पाहायचे आहे.

सरकारची योजना : पैसा आहे, विषय ठरलेले आहेत

तरुण लेखकांसाठी केंद्र सरकारची सध्या चर्चेत असलेली योजना म्हणजे ‘पीएम-युवा’. मे २०२१ मध्ये ती सुरू झाली. शिक्षण मंत्रालयाची ही योजना नॅशनल बुक ट्रस्ट राबवते. ११ मार्च २०२५ रोजी तिसरी फेरी जाहीर झाली. तीस वर्षांखालील ५० लेखक निवडायचे, त्यांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये शिष्यवृत्ती द्यायची, मार्गदर्शक द्यायचा, पुस्तक छापायचे आणि पुढे १० टक्के रॉयल्टी द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. एका लेखकामागे तीन लाख, म्हणजे ५० जणांसाठी दीड कोटी रुपये फक्त शिष्यवृत्तीचे.

यात चांगले आहे ते चांगले म्हणायला हवे. लेखकाला लिहिण्याच्या काळात जगायला पैसे लागतात, हे सरकारने मान्य केले. मार्गदर्शक लागतो, हेही मान्य केले. आपल्या संस्थांनी यातून शिकण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू. योजना आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा आणि इंग्रजी मिळून २३ भाषांसाठी आहे. सरासरी काढली तर एका भाषेच्या वाट्याला दोनच लेखक येतात. तिसऱ्या फेरीचे विषय तीन होते : राष्ट्रउभारणीत परदेशस्थ भारतीयांचे योगदान, भारतीय ज्ञानपरंपरा आणि १९५० ते २०२५ या काळातले आधुनिक भारताचे शिल्पकार. दुसऱ्या फेरीचा विषय लोकशाही हा होता, पहिल्या फेरीचा राष्ट्रीय चळवळ. म्हणजे लेखक तरुण असला तरी कशावर लिहायचे ते आधीच ठरलेले. झोपडपट्टी पुनर्वसनात तुटलेल्या घरावर, वसतिगृहातल्या जातीवर, ऊसतोडीच्या फडात वाढलेल्या बालपणावर ज्याला लिहायचे आहे त्याची वही या तीन खणांत बसत नाही. चित्रकाराचा तर विचारच नाही.

तिसरी अडचण अधिक खोल आहे. अर्जासोबत सुमारे १०,००० शब्दांचा प्रस्ताव द्यायचा होता, त्यात प्रकरणांचा आराखडा आणि नमुना प्रकरणे. हे कुणाला जमते? ज्याच्या घरात आधीपासून पुस्तके आहेत, ज्याच्या महाविद्यालयात असा आराखडा करून घेणारे प्राध्यापक आहेत, त्याला. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. योजनेचे दार सर्वांना उघडे असते, पण उंबरठा सर्वांसाठी सारख्या उंचीचा नसतो.

तरीही आमचे स्पष्ट मत आहे की पुढची फेरी निघाली तर आपल्या मुलामुलींनी अर्ज करावेत. ‘आधुनिक भारताचे शिल्पकार’ या विषयात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारणारे दादासाहेब गायकवाड बसतात, नाशिकच्या शांताबाई दाणी बसतात, बाबासाहेबांचे लेखन खंडांच्या रूपाने जगापुढे आणणारे वसंत मून बसतात. विषय सरकारने ठरवला म्हणून माणसेही त्यांनीच ठरवावीत, असे नाही. पण त्या १०,००० शब्दांची तयारी करून घेणारे हात आपल्याकडे असायला हवेत.

राज्यातली स्थिती

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून आहे. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची त्यांची योजना आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय अशा प्रकारांची हस्तलिखिते मागवली जातात आणि तज्ज्ञांकडून तपासली जातात. या योजनेत विषयाची सक्ती नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण आमच्या वाचनगटात विचारले तर दहातल्या नऊ जणांनी या योजनेचे नावही ऐकलेले नसते.

बार्टीचा उल्लेख इथे करायलाच हवा. अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी ही संस्था स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देते, पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देते. ती वेळेवर मिळावी म्हणून आमच्या संशोधक मित्रमैत्रिणींना आंदोलने करावी लागली, हेही खरे. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही. अधिकारी होण्यासाठी शिष्यवृत्ती आहे, संशोधक होण्यासाठी आहे, मग लेखक किंवा चित्रकार होण्यासाठी का नसावी? ज्या महापुरुषाच्या नावाने ही संस्था आहे, त्याने राजकीय पक्ष काढण्याच्या कितीतरी आधी वर्तमानपत्र काढले होते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जल्लोष झाला, सत्कार झाले. पण अभिजात दर्जाने जुन्या ग्रंथांची प्रतिष्ठा वाढते, नव्या लेखकाच्या चुलीवरचे पातेले भरत नाही. ‘फेसाटी’ कादंबरीसाठी नवनाथ गोरे यांना २०१८ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. २०२० च्या टाळेबंदीत त्यांना शेतमजुरी करावी लागल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. २०२४ चा हाच पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला. शिवणकाम करणाऱ्या माणसाने शिंप्याच्या आयुष्यावर लिहिलेली ती कादंबरी. पुरस्काराची रक्कम ५०,००० रुपये. सन्मान मोठा आहे, पण तो शर्यत संपल्यावर मिळतो. धावताना पाणी कुणी देत नाही.

‘पैसे भरा, लेखक व्हा’

सरकार आणि समाज दोघेही जिथे नसतात, तिथे बाजार येतो. समाजमाध्यमांवर जाहिराती दिसतात : तुमचे पुस्तक तीस दिवसांत, आयएसबीएनसह, प्रमाणपत्रासह. शंभर कवींचा प्रातिनिधिक संग्रह, प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम, वर एक सन्मानचिन्ह.

आमच्या वाचनगटातल्या एका मुलीने असे पुस्तक काढले. आई धुणीभांडी करते, मुलगी नर्सिंगला. कविता चांगल्या होत्या, काही तर फारच चांगल्या. पैसे भरले, पुस्तक आले. संपादन कुणी केलेच नव्हते. एकाच कवितेचे दोन खर्डे दोन वेगवेगळ्या पानांवर छापलेले, अर्पणपत्रिकेत आईच्या नावातच चूक. एकाही दुकानात प्रत गेली नाही. प्रकाशन समारंभात हार-शाल झाली, फोटो निघाले, आणि उरलेल्या प्रती आज घरातल्या कॉटखाली आहेत. तिने त्यानंतर लिहिणे थांबवले आहे. फसवणूक पैशाची झाली ती भरून निघेल. तिच्या कवितेला एकही खरा वाचक मिळाला नाही, हे नुकसान मोठे आहे.

आयएसबीएनबद्दल इथेच सांगून टाकू. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते. लेखक स्वतः प्रकाशक असेल तर त्यालाही मिळतो. तो पुस्तकाच्या गुणवत्तेचा दाखला नाही. गाडीला नंबर असतो तसा पुस्तकाला नंबर, एवढेच. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर तिथून उठावे.

आपण हे आधी केलेले आहे

लेखक घडवणे ही आंबेडकरी चळवळीला नवी गोष्ट नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेव्हा बहुतेक मजकूर बाबासाहेबांना स्वतःच लिहावा लागे. लिहिणारी माणसे तयारच नव्हती. पुढे १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ आले, आणि याच पानांवर नवी लेखणी तयार झाली. बंधुमाधवांच्या कथा ‘जनता’तून आल्या. चळवळीचे पत्र ही बातमीची जागा होती, तशीच ती लेखकांची शाळाही होती.

२ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन झाले आणि त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना लिहिते केले. १९६७ मध्ये तिथून ‘अस्मिता’ सुरू झाले, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. पानतावणे सरांनी हे त्रैमासिक जवळजवळ अर्धशतक चालवले. त्यांनी लेखक-वाचक मेळावे वेगवेगळ्या गावी भरवले. पहिली कविता घेऊन आलेला मुलगा आणि नाव झालेला लेखक एकाच मांडवात बसत. आज ज्यांची नावे अभ्यासक्रमात आहेत, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची पहिली पाने तिथे छापली गेली.

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ने काढले. ‘ग्रंथाली’ची रीत लक्षात घेण्यासारखी होती. वाचकांकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि पुस्तक स्वस्तात त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे. नवे पुस्तक काढण्यातली जोखीम वाचकांनी मिळून उचललेली.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. छोट्या किराणा दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्या लिहीत राहिल्या. ती वही वर्षानुवर्षे तशीच होती. संशोधनासाठी आलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी त्या लिखाणाची दखल घेतली, ते प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. आज जगभरातल्या विद्यापीठांत ते शिकवले जाते. कुणीतरी ‘दाखवा बघू’ म्हटले नसते, तर ही वही रद्दीत गेली असती. अशा किती वह्या गेल्या असतील? त्यातल्या बायकांच्या किती?

बुद्धाने आनंदाला सांगितले की कल्याणमित्र हा धम्मजीवनाचा अर्धा भाग नाही, ते संपूर्ण धम्मजीवनच आहे. लेखनातही कल्याणमित्र लागतो. तो वाहवा करत नाही. ‘हे पान काढ, हे पुन्हा लिही, इथे तू खोटे बोलतो आहेस’ असे तो प्रेमाने सांगतो. पानतावणे सरांच्या पिढीने हे काम केले. आज आपल्या कार्यक्रमांत कविता वाचली की टाळ्या मिळतात, ‘जय भीम’चा घोष होतो आणि कवी तिथेच थांबतो. टाळीने उमेद येते, पण दुसरा खर्डा लिहून होत नाही.

आणखी एक सांगायला हवे. बाहेरच्या प्रकाशकांना आणि वाचकांना आमच्याकडून बहुतेक वेळा वेदनाच हवी असते. आत्मचरित्र लिहा, दुःख सांगा. त्या आत्मचरित्रांनी मराठी साहित्य बदलून टाकले, त्याबद्दल वाद नाही. पण आजच्या बौद्ध मुलीला विज्ञानकथा लिहायची असेल, विनोद लिहायचा असेल, अजिंठ्यावर मुलांसाठी गोष्ट लिहायची असेल, तर तिचे हस्तलिखित वाचून बरे-वाईट सांगणारा हवा. आमच्या अनुभवाचा एकच रंग विकला जातो, म्हणून आम्ही एकाच रंगात लिहायचे का?

चित्रकार : चळवळीचा सर्वांत विसरलेला माणूस

लेखकाचे निदान नाव छापले जाते. चित्रकाराचे तेही नाही. आमच्या वस्त्या चित्रकारांनी भरलेल्या आहेत. जयंतीचा देखावा, विहाराची भिंत, मिरवणुकीचा रथ, फ्लेक्स, रांगोळी हे सगळे कुणीतरी करतोच. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली ही मुले असतात. त्यातली फार थोडी जे. जे.पर्यंत किंवा नागपूर, औरंगाबादच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयांपर्यंत पोहोचतात. बाकीची फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतात.

चित्र कोण काढतो, याला किती महत्त्व आहे, हे आपण २०१२ मध्ये पाहिले. एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातले शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र, संविधानाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोडही झाली. तोडफोडीने प्रश्न सुटला नाही. उन्नमती श्याम सुंदर या व्यंगचित्रकार-संशोधकाने वेगळे काम केले. बाबासाहेबांवर १९३२ ते १९४८ या काळात वृत्तपत्रांनी छापलेली व्यंगचित्रे त्यांनी जमवली आणि २०१९ मध्ये ‘नो लाफिंग मॅटर’ हे पुस्तक केले. देशातली मोठी वृत्तपत्रे बाबासाहेबांना कसे बुटके, कसे हास्यास्पद दाखवत होती, हे एकापाठोपाठ एक चित्र ठेवून दाखवले. हे उत्तर अधिक टिकाऊ आहे.

२०११ मध्ये ‘भीमायन’ आले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे चरित्र आपल्या शैलीत मांडले. त्यात मायेने बोलणाऱ्याच्या शब्दांभोवती पक्ष्याचा आकार आहे आणि जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे. हे कुठल्याही परदेशी कॉमिक्समधून आलेले नाही, गोंडांच्या चित्रपरंपरेतून आलेले आहे. बिहारच्या मालविका राज यांनी मधुबनी शैलीत बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे जीवन रंगवले. ज्या शैलीत पिढ्यान्‌पिढ्या रामायण रंगवले गेले, त्याच रेषा त्यांनी धम्माकडे वळवल्या.

मग महाराष्ट्रात, जिथे महाड आहे, येवला आहे, अजिंठा आहे, तिथे विहारातल्या मुलाच्या हातात आपण काय देतो? बारीक टाइपातली, चित्र नसलेली पुस्तिका. आणि आता जयंतीचे पोस्टर एआयकडून फुकटात काढून घेण्याची पद्धत पडते आहे. त्यात बाबासाहेबांचा चेहरा गोरापान नटासारखा होतो, बुद्धाची मुद्रा कुठलीच नसते. भूमिस्पर्श मुद्रेत उजवा हात जमिनीकडे का असतो, हे चित्रकार विचारतो, म्हणून तो बरोबर काढतो. यंत्राला विचारायचे काही कारण नाही. आणि ज्या मुलाला त्या पोस्टरचे चार पैसे मिळाले असते, तो दुसऱ्या धंद्याला लागतो.

कायदा काय म्हणतो

तरुण लेखक-चित्रकारांनी स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मधल्या चार गोष्टी तरी माहीत करून घ्याव्यात.

एक, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी किंवा व्हॉट्सॲपवरच्या ‘ठीक आहे सर’ने हक्क जात नाही. दोन, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर भारतापुरते धरले जाते. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ असे वाक्य असेल तर सही करण्यापूर्वी थांबा. तीन, चित्रकारांसाठी हे फार महत्त्वाचे : कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून चित्र रंगवून घेतले आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या चित्राचा पहिला मालक पैसे देणारा ठरू शकतो. म्हणून मुखपृष्ठ करण्याआधीच ‘एका आवृत्तीसाठी, एवढ्या मानधनात, चित्रकाराच्या नावासह’ असे लिहून घ्या. चार, हक्क विकला तरी आपले नाव लावून घेण्याचा आणि कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ नुसार निर्मात्याकडेच राहतो.

संविधान लिहिणाऱ्याची लेकरे आपण. करार वाचायला लाजू नये.

आता काय करायचे

‘समाजापुढे अत्याचाराचे, आरक्षणाचे, रोजगाराचे प्रश्न असताना पुस्तकांचे काय घेऊन बसलात?’ असे कार्यकर्ते विचारतात. त्यांचा राग समजतो. पण अत्याचाराची बातमी दोन दिवसांत विरते. ती कुणीतरी नीट लिहून ठेवली, तरच ती पुढच्या पिढीच्या हाती पुरावा म्हणून राहते. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला तेव्हा काय झाले, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. म्हणून पाच कामे सुचवतो. पहिल्या चारांना सरकारी परवानगी लागत नाही.

पहिले, प्रत्येक तालुक्यात निदान एका विहारात महिन्यातून एक रविवार हस्तलिखित वाचनासाठी ठेवावा. दहा जण पुरेत. नियम दोनच : लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही, आणि ऐकणाऱ्याने ‘छान’ म्हणून सुटायचे नाही, कुठे अडखळलो ते सांगायचे. निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, पत्रकार यांनी या रविवारी यावे. मुलींना येता येईल अशी वेळ ठेवावी, संध्याकाळ उशिराची नको.

दुसरे, जयंती मंडळांनी आगाऊ खरेदी करावी. साधा हिशोब आहे. नव्या लेखकाच्या पहिल्या आवृत्तीच्या ३०० प्रती काढायच्या ठरल्या आणि दहा मंडळांनी प्रत्येकी २० प्रती आधीच घेतल्या, तर २०० प्रती गेल्या. लेखकाला खिशातून पैसे घालावे लागत नाहीत आणि पुस्तक दहा वस्त्यांत पोहोचते. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

तिसरे, चित्रकाराला मानधन आणि नाव. पोस्टर असो, स्मरणिका असो, विहाराची भिंत असो, कोपऱ्यात का होईना नाव हवे. जयंतीच्या पोस्टरसाठी एआय नको, वस्तीतली मुलगी किंवा मुलगा हवा.

चौथे, आपल्या वकील मित्रांनी लेखक-प्रकाशक आणि चित्रकार-प्रकाशक यांच्यासाठी एका पानाचा मराठी करारनामा तयार करून सर्वांना खुला करावा. आपल्या चळवळीतल्या प्रकाशकांनी तो सर्वांत आधी वापरावा. पुण्याच्या ‘सुगावा’च्या विलास वाघ सरांसारख्यांनी तुटपुंज्या साधनांवर परिवर्तनाची पुस्तके काढली, हा वारसा आपल्याकडे आहे. बाहेरच्यांकडून न्याय मागायचा तर घरचा व्यवहारही स्वच्छ हवा.

पाचवे, सरकारकडे नेमक्या मागण्या. बार्टीने दरवर्षी लेखक आणि चित्रकारांसाठी अधिछात्रवृत्ती सुरू करावी, आणि तिला विषयाची अट नसावी. साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखक योजनेची माहिती समाजकल्याण वसतिगृहांत लावावी आणि कार्यशाळा तालुक्याच्या ठिकाणी घ्याव्यात. राज्यात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांचे एवढे मोठे जाळे आहे. शासनाच्या ग्रंथनिवड यादीत नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकांसाठी काही वाटा राखून ठेवला, तर प्रकाशकाला नव्या लेखकाची भीती वाटणार नाही.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाल तेव्हा स्टॉलवर एक काम करा. बाबासाहेबांचा ग्रंथ घ्याच, सोबत ज्याचे नाव कधी ऐकलेले नाही अशा एका तरुणाचे पुस्तकही घ्या. घरी नेऊन वाचा, आणि आवडले नाही तर का आवडले नाही, ते त्याला कळवा. त्याला सत्कारापेक्षा या पत्राचा उपयोग जास्त होईल.

नमो बुद्धाय. जय भीम.